कोऱ्या पानाचे पैसे

आमच्या गावच्या वाचनालयात दाराजवळच्या टेबलावर एक अभिप्राय वही असते. पेन दोरीला बांधलेला, दोरी खिळ्याला. वर्षभरात त्या वहीत फार तर पंधरा-वीस ओळी पडतात आणि बहुतेक सारख्याच : पुस्तक छान आहे, सर्वांनी वाचावे, खाली सही. या हिवाळ्यात मात्र एका पुस्तकापायी वहीची सलग चार पानं भरली. ‘एवढी किंमत छापली आणि अर्धं पान कोरं. कोऱ्या पानाचे पैसे कशाला?’ ‘चित्रं म्हणावीत तर नुसते दोरे आहेत.’ ‘भुताची गोष्ट म्हणून नेलं, भूत शेवटपर्यंत आलं नाही.’ ‘हे लहान मुलांच्या कपाटात ठेवावे.’ आणि त्याच्याच खाली, वेगळ्या शाईत : ‘लहान मुलांना देऊ नका. मला रात्रभर झोप नाही.’

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ही वही पुराव्यासारखी मांडली गेली. मी सुचवलं होतं, की यंदाच्या ग्रंथखरेदीतला थोडा वाटा मोठ्या माणसांसाठीच्या सचित्र पुस्तकांना द्यावा, भुताच्या गोष्टींसकट. त्यावर उत्तर आलं, की नमुन्याचं एक पुस्तक आणलंत ते वाचकांना आवडलं नाही, मग विषय संपला. मला वाटतं, विषय तिथून सुरू होतो. जी चार पानं ‘नको’ म्हणून दाखवली गेली, त्यांच्याइतका मन लावून केलेला वाचनाचा पुरावा आमच्या वाचनालयात मी कधी पाहिला नाही.

पुस्तक भेट आलेलं होतं, वाचनालयाचा पैसा त्यात गेला नव्हता. मार्क डॅनिएलेव्स्की या अमेरिकन लेखकाचं ‘द फिफ्टी इयर स्वोर्ड’. 2005 मध्ये ते पहिल्यांदा नेदरलँड्समध्ये मोजक्या प्रतींत निघालं आणि 2012 मध्ये अमेरिकेत सर्वांना मिळेल असं छापलं गेलं. गोष्ट पूर्व टेक्सासमधल्या एका रात्रीची आहे. रात्र हॅलोविनची, म्हणजे तिकडे भुताखेतांची मानलेली. नुकताच नवऱ्यापासून काडीमोड झालेली चिंताना नावाची एक शिवणकाम करणारी बाई मेजवानीला जाते. जिच्यामुळे तिचा संसार मोडला ती बाईही तिथे आहे, आणि त्याच मध्यरात्री तिला पन्नास पूर्ण व्हायची आहेत. पाच अनाथ मुलांना गोष्ट सांगायला एक कथेकरी येतो. त्याच्याजवळ लांबट काळी पेटी, पेटीला पाच खिट्ट्या. तो सांगतो एका तलवारीबद्दल. तिचा वार आज बसतो, पण जखम दिसत नाही. माणसाला पन्नास पूर्ण झाली की ती उघडते.

एवढीच गोष्ट. पानं पावणेतीनशेच्या वर, पण मजकूर तासाभरात संपतो. कारण मजकूर पानावर थोडाथोडाच येतो, बाकी जागा मोकळी किंवा चित्रांना दिलेली. चित्रं सुईदोऱ्यानं शिवलेली आहेत, टाके घालून केलेली आणि मग छापलेली. आणि गोष्ट सांगणारे एक नाहीत, पाच आहेत. त्यांची नावं कुठे येत नाहीत. अवतरणचिन्हांच्या रंगावरून कोण बोलतं ते ओळखायचं. एकानं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्यानं मध्येच उचलायचं, तिसऱ्यानं संपवायचं.

इंग्रजी वाचणारे आमच्याकडे थोडे. म्हणून बी.ए.ला असलेल्या दोन मुली आणि मी मिळून फुलस्केप कागदावर मराठीत कच्चा उतारा केला, मूळच्या ओळी जशा तुटतात तशाच तोडून, आणि तो पुस्तकात ठेवला. लेखकानं शब्द मुद्दाम मोडूनतोडून वापरलेत, ते आम्हाला जमले नाहीत. हेही सांगतो, की पुस्तक मला सगळंच आवडलेलं नाही. शब्दांचे खेळ काही ठिकाणी कंटाळा आणतात. जिच्यावर सूड उगवतो ती बाई नुसती वाईटच रंगवली आहे, तिचं मन उघडत नाही. चित्रं काढून घेतली तर उरलेली गोष्ट किरकोळ वाटेल. वहीत लिहिणाऱ्यांचं या बाबतीत काही चुकलं नाही. तिकडच्या वाचकांचीही भांडणं याच मुद्द्यांवर झाली : इतक्या थोड्या मजकुराला इतकं मोठं पुस्तक कशाला, ही गोष्ट आहे की नुसती करामत?

पण डिसेंबरात आम्ही एक प्रयोग केला. कापसाची दुसरी वेचणी आटोपत आली होती, थंडी पडली होती, वाचनालयाच्या अंगणात शेकोटी पेटवली. पाच जणांना पाच रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि उतारा मोठ्यानं वाचला, ज्याचा रंग त्यानं आपली ओळ वाचायची. वाचणाऱ्यांत त्या दोन मुली, एक ऑटोवाला, गावात पिको-फॉल आणि ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी, आणि निवृत्त गुरुजी. पहिली दहा मिनिटं गोंधळ झाला. कुणी आपली ओळ चुकवली, कुणी दुसऱ्याची वाचली. मग हळूहळू सूर लागला, आणि शेकोटीजवळचे एक काकाजी म्हणाले, ‘अरे, आपल्या इथं त अशीच सांगते लोकं!’

त्या एका वाक्यानं माझ्या मनातला बराच गुंता सुटला. आमच्या भागात भुताची गोष्ट एकटा माणूस कधी सांगतो का? एकानं सुरुवात करायची, ‘त्या आंब्याखाली म्हने एक बाई उभी होती.’ लगेच दुसरा, ‘आंबा नोहे बाप्पा, चिंच होती.’ तिसरी घरातून, ‘अन् रात कायची, भर दुपार होती.’ चौथा, ‘मामाजीनं सोता पाह्यलं.’ पाचवा, ‘मामाजीनं नाही पाह्यलं, मामाजीले सांगतलं कोनीतरी.’ गोष्ट ज्याची त्याची उरत नाही, ओट्यावर बसलेल्या सगळ्यांची होते. गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत आठवा. ते विचारत, समोरचे उत्तर देत, आणि त्या सवाल-जबाबातून कीर्तन पुढे सरकत असे. अनेक तोंडांनी सांगणं ही आमची जुनी रीत आहे. छापील पुस्तकानं ती आमच्याकडून काढून घेतली होती. एका परक्या पुस्तकानं रंगीत चिन्हं वापरून ती कागदावर आणली, तर आम्हालाच ती अवघड वाटली. कारण पुस्तक म्हणजे एकट्यानं, मुकाट, डावीकडून उजवीकडे, हे आम्ही शाळेत शिकलो.

चित्रांचंही तेच झालं. शाळेत जसजसं वरच्या वर्गात जावं तसतशी पुस्तकातली चित्रं कमी होतात आणि मजकूर दाट होतो. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं, की चित्र पोरांचं आणि मजकूर मोठ्यांचा. पण पुस्तकाबाहेर पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. सव्वाशेहून जास्त वर्षांची ती परंपरा आहे. ते अक्राळविक्राळ पुतळे पोरांची करमणूक म्हणून निघत नाहीत. ज्याची चीड येते, ज्याची भीती वाटते, त्याला मोठी माणसं रूप देतात, गावभर मिरवतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाळतात. त्यांतल्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या त्या वर्षाचं सगळं येतं. भीतीचं चित्र काढण्याची आणि ते चारचौघांत पाहण्याची एवढी जुनी सवय ज्या मुलखाला आहे, तिथे सचित्र भूतकथा मोठ्यांसाठी नाही असं म्हणणं मला पटत नाही.

शिवणाऱ्या मावशींनी पुस्तक आठवडाभर घरी नेलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. उतारा त्यांनी अर्धाच वाचला, पण चित्रं सगळी पाहिली, चष्मा लावून, उन्हात. परत करताना मला म्हणाल्या, ‘भाऊ, याची उलटी बाजू कुठी हाय?’ मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावलं. सुलट बाजूनं टाका कुणीही नीट दाखवतो. दोरा कुठे तुटला, गाठ कुठे मारली, कुठे उसवून पुन्हा घातलं, हे उलट्या बाजूनं कळतं. ‘या बाईच्या मनात काय हाय थे उलट्या बाजूनं दिसलं असतं. यायनं सुलटंच दाखोलं.’ या चित्रांवर यापेक्षा नेमकी टीका मी करू शकलो नसतो. नवऱ्यानं टाकलेल्या, हातात सुई असलेल्या बाईची गोष्ट टाक्यांतून दाखवली आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आणि त्यात काय कमी पडलं हेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. म्हणून मंडळाच्या हिशेबात त्यांचं मत नाहीच.

इथे माझी खरी तक्रार आहे. वाचकांचं मत म्हणजे वहीतल्या ओळी, आणि त्या ओळी म्हणजे आवडलं की नावडलं, एवढ्यावर आमची ग्रंथनिवड चालते. ज्याला लिहायचा सराव आहे तो लिहितो. जो ऐकतो, पाहतो, बोलतो, त्याचं मत हवेत जातं. मोठ्यांसाठीच्या सचित्र पुस्तकाचा उपयोग नेमका अशांनाच जास्त आहे : सातवीत शाळा सुटलेल्यांना, दाट मजकुराची धास्ती घेतलेल्यांना, डोळ्यांनी शहाण्या असलेल्या माणसांना. त्यांना आम्ही एकतर पोरांची पुस्तकं देतो, नाहीतर चारशे पानांची कादंबरी. मध्ये काही नाही.

पैशाचा मुद्दा खरा आहे, पण तो लवकर संपतो. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं राज्यात ग्रंथालयांना अनुदान मिळतं आणि वर्गवारीत आमच्यासारखं ड वर्गाचं वाचनालय सगळ्यांत खाली. खरेदीला रक्कम थोडी असते, आणि असं एक पुस्तक घेतलं तर तेवढ्यात चार जाड कादंबऱ्या येतात. पण त्या चारांपैकी तीन कपाटात पहिल्या शिक्क्यानंतर उघडल्याच गेल्या नाहीत, असं आमचं देवघेवीचं रजिस्टर सांगतं. पुस्तक किती पानांचं यापेक्षा ते किती हातांत गेलं हे मोजावं. महागडी परदेशी पुस्तकंच घ्या असं मी म्हणत नाही. मराठीत अशी पुस्तकं व्हावीत, शासनमान्य ग्रंथांच्या यादीत मोठ्यांच्या सचित्र कथांना जागा मिळावी, आणि ती घेणारी वाचनालयं आहेत असं प्रकाशकांना दिसावं. गाव मागत नाही म्हणून कुणी छापत नाही, आणि कुणी छापत नाही म्हणून गावाला मागता येत नाही.

सगळ्यांत जड आक्षेप गुरुजींचा होता. पाच वाचणाऱ्यांत ते स्वतः होते, तरी बैठकीत विरोधात बोलले. त्यांची उमर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गेली. आमच्या पंचक्रोशीत अंगात आलेल्या बाईला मिरचीची धुरी देताना त्यांनी पाहिलं आहे आणि मध्ये पडून शिव्याही खाल्ल्या आहेत. ते म्हणाले, ‘ज्या गावात आजही लिंबू-मिरची उंबऱ्यावर ठेवतात, तिथं वाचनालयानं भुताची पुस्तकं आणायची? आम्ही चाळीस वर्षं मग काय केलं?’ याचं उत्तर वरवरचं देता येत नाही. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्या कायद्यामागे अशाच गुरुजींचे कष्ट आहेत.

पण त्याच कायद्याची अनुसूची उघडून पाहावी. तिथे शिक्षा आहे ती कृत्यांना. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरीनं-साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चमत्काराच्या नावानं फसवून पैसे उकळणं, करणी-भानामतीचा आरोप करून कुणाचं जगणं मुश्कील करणं. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. कायद्याचा रोख भीतीचा धंदा करणाऱ्यावर आहे. गोष्ट सांगणाऱ्याला त्यानं हात लावलेला नाही, आणि ते बरोबर आहे. मांत्रिक आधी भीती घालतो, मग उपाय विकतो. गोष्ट भीती दाखवते आणि तुम्हाला तिच्याजवळ बसवून ठेवते. ती काही विकत नाही.

आणि या पुस्तकाची घडण तर मांत्रिकाच्या बरोबर उलट आहे. मांत्रिकाला खात्री लागते : अमक्या झाडावरची, अमक्या घरची, अमक्या वारी. इथे साक्षीदार पाच आहेत आणि सांगणं तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे. एकाच्या बोलण्यावर पूर्ण भार टाकता येत नाही. कोण बोललं, त्याला हे ठाऊक कसं, मध्ये काय राहिलं, असं दर पानाला स्वतःला विचारावं लागतं. ‘मामाजीनं पाह्यलं की मामाजीले कोनी सांगतलं?’ हा प्रश्न विचारायची सवय गुरुजी चाळीस वर्षं गावाला लावत आले. ती सवय व्याख्यानानं लागते तशी अशा गोष्टीनंही लागते, आणि ज्यांना व्याख्यानाला बसवणं कठीण त्यांना गोष्टीला बसवता येतं. नुसती ‘भूत नाही’ अशी पाटी लावून भीती जात नाही. ती घरात जाऊन बसते, आणि घरात तिला प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

आता त्या शेकोटीच्या रात्रीचं शेवटचं सांगतो, कारण माझं म्हणणं शेवटी त्याच्यावरच उभं आहे.

वाचन संपलं. मध्यरात्री पन्नास पूर्ण होताच त्या बाईच्या अंगावरचे न दिसणारे वार उघडतात, आणि तिला सावरायला पुढे होते ती चिंताना, जिचं तिनं वाटोळं केलं ती. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग विषय आपोआप आमच्या शिवारातल्या एका जुन्या विहिरीवर गेला. त्या विहिरीत दुपारी बाई दिसते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दुपारी तिकडे जाऊ नये, पाण्यात वाकून पाहू नये. त्या रात्रीही आधी तसंच बोलणं झालं, हिरवं लुगडं की पिवळं, केस मोकळे की बांधलेले. आणि मग अंगणाच्या कडेला शाल पांघरून बसलेल्या एका आजीनं त्या बाईचं नाव घेतलं.

माझ्या साठ वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आजी तिला ओळखत होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. आजी म्हणाल्या, ‘थे काई चुडेल-फिडेल नोहे. थे कष्टाची बाई होती.’ ती विहिरीवर का गेली, आदल्या रात्री त्या घरात काय झालं, तेही त्यांनी थोडंसं सांगितलं आणि थांबल्या. समोर बसलेल्यांत त्या घरातली माणसं होती. कुणी उठून गेलं नाही. कुणी ‘असं काही नव्हतं’ असंही म्हटलं नाही.

पन्नास वर्षांनी उघडणारी जखम म्हणजे काय, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला तेव्हा कळलं. गावानं त्या बाईचं भूत केलं, कारण भुताला नाव लागत नाही आणि कारणही विचारावं लागत नाही. म्हणून मी म्हणतो, भुताची गोष्ट ही मुळात मोठ्या माणसांची आहे. पोराला भीती वाटते ती अंधाराची. मोठ्याला वाटते ती ठाऊक असलेल्याची. ठाऊक असलेलं सगळंच शब्दांत मांडता येत नाही, चारचौघांत तर नाहीच. त्या जागी चित्र लागतं, टाका लागतो, नाहीतर मोकळी जागा लागते. त्या जागेचे पैसे द्यायला आमचं वाचनालय गरीब आहे असं मला वाटत नाही.

गुरुजींचा विरोध कायम आहे, आणि तो इतिवृत्तात जसाच्या तसा लिहावा असा आग्रह मीच धरला आहे. पुढच्या बैठकीत खरेदीचा विषय पुन्हा येईल. तोवर त्या दोन मुलींनी विहिरीची गोष्ट लिहायला घेतली आहे, ज्यानं जसं सांगितलं तसं, पाच रंगांच्या पेनांनी, कुणाचंही नाव न घालता. मावशींनी चित्रासाठी काळं कापड काढून ठेवलं आहे, आणि त्याची उलटी बाजूही छापायची असं बजावलं आहे. आजी जिथे बोलायच्या थांबल्या, तिथे मुलींनी अर्धं पान कोरं सोडलं आहे.